पाडव्याला चोडणला गेलो, चिखलातले पक्षी दिसलेच नाहीत. असं का?

खानापूरच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पाडव्याची सुट्टी साधून नवरा, दोन मुलं आणि नवीकोरी दुर्बीण घेऊन त्या चोर्ला घाटाने गोव्यात उतरल्या. रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर गेल्या आणि अकराच्या सुमारास होडी करून तिवरांमधल्या खाडीत तासभर फिरल्या. खंड्या दिसले, बगळे दिसले, एक मगरही दिसली. पण ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ते लांब पायांचे, चिखलात चोच खुपसून चरणारे पाहुणे पक्षी मात्र नाहीत. परतताना एका बांधावर छातीवर विटकरी पट्टा असलेला एकच छोटा पक्षी दिसला. होडीवाला म्हणाला, "सीझन संपलो." मग खरंच उशीर झाला का? कधी जायला हवं होतं? आणि गोव्याला न जाता आपल्या बेळगाव भागात असं काही बघायला मिळतं का?

ताई, उशीर झाला नव्हता. महिना बरोबर होता, तास चुकला. आणि होडीत बसलात ही दुसरी गडबड, तिच्याकडे येतो पुढे.

मी गेली पंचवीसएक वर्षं हे पक्षी बघतोय, त्यातली पहिली चार-पाच वर्षं अशीच वाया घालवली. बेळगावहून पहाटे निघायचं, घाट उतरायचा, चहा-पाव खायचा, रमतगमत किनाऱ्यावर पोचायचं आणि "आज काही नाहीच" म्हणत परत यायचं. आपण माळावरची, रानातली माणसं. जंगलातले पक्षी बघायचे तर सकाळी लवकर उठलं की काम झालं, एवढंच आपल्याला ठाऊक. भीमगडच्या रानात हे चालतं. भरतीच्या पाण्यावर जगणाऱ्या पक्ष्याला सकाळ-दुपारशी फारसं देणंघेणं नसतं. पाणी उतरलं की तो जेवतो, चढलं की झोपतो. त्याचा दिवस साधारण साडेबारा तासांचा असतो, आणि रोज तो आपल्या घड्याळाच्या पन्नासएक मिनिटं मागे सरकतो. चांदण्या रात्री तर तो बिनघोर चरतो.

आता पाडव्याचंच बघा. पाडवा म्हणजे चैत्र शुद्ध प्रतिपदा, अमावास्येचा दुसरा दिवस. किनाऱ्यावरच्या मासेमारांचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. प्रतिपदेला पाऊण. हा हिशेब मुंबईकडे चांगला बसतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, त्यामुळे गोवा-कारवारला तासभर आधीची वेळ धरायची. म्हणजे पाडव्याला मांडवीच्या, चोडणला वेढणाऱ्या नदीच्या, तोंडाशी पावणेबारा-बाराला पाणी काठोकाठ. नदीत आत शिरायला त्याला आणखी थोडा वेळ लागतो. तुम्ही अकराला होडीत बसलात, तेव्हा पाणी चढतच होतं. अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं, मुरगावला अशा वेळी भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास जातो. जिथे पक्ष्यांनी जेवायचं तो चिखल तुमच्या होडीच्या तळाखाली होता.

होडीवाल्याला मी दोष देत नाही. तिवरांमधल्या अरुंद खाड्यांत होडी शिरते तीच मुळी भरतीला, ओहोटीला तळ टेकतो. म्हणून पर्यटकांना होडीची जी वेळ मिळते ती बहुतेक चिखलपक्ष्यांच्या विश्रांतीची असते. खंड्या, मगर, रातबगळे यांच्यासाठी होडी उत्तम. चिखल्या, तुतवार, टिलवे, कुरल यांच्यासाठी होडी नको, काठ हवा. चोडणसाठी मी स्वतः हल्ली बहुतेक वेळा बेटावर जातच नाही. अलीकडच्या काठावर, रायबंदरच्या बाजूला राहून पलीकडचा चिखल बघतो. बेट उत्तरेला येतं, त्यामुळे सकाळी किंवा संध्याकाळी ऊन डोळ्यांवर येत नाही. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य बेटाच्या पश्चिम टोकाला आहे, आणि त्याच्या कडेचा चिखल फेरीबोटीतूनसुद्धा दिसतो. फेरीबोटीच्या दोन-तीन फेऱ्या मारल्या तर होडीच्या भाड्यापेक्षा जास्त पदरात पडतं.

मग भरतीला हे पक्षी जातात कुठे? उंच जागी, जिथे पाणी पोचत नाही आणि चारी बाजूंना नजर जाते. तिवरांच्या दाटीत ते सहसा थांबत नाहीत, आडोशातून कोण झडप घालेल सांगता येत नाही. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा तो जुना लांब पूल आहे ना, पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला? त्याच्या कडेची मिठागरं बघा. तुम्ही गाडीतून त्यांच्या शेजारून गेलात, त्या वेळी तिथे एका पायावर उभं राहून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपलेले पक्षी असण्याची शक्यता बरीच होती. लांबून ते मातीच्या ढेकळांसारखे दिसतात. ढेकळांनी वाऱ्याकडे तोंड केलं असेल तर ती ढेकळं नव्हेत. दुसरी जागा खाजणांचे, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनींचे, बांध. तिथे एक मेख आहे: खाजणाच्या आतलं पाणी मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, झडपांवर अवलंबून असतं. झडप बंद असेल तर बाहेर भरती असो की ओहोटी, आतल्या पाण्याला पत्ताच नसतो. त्यामुळे कधी बाहेर पूर्ण भरती आणि आत घोटाभर पाण्यात शे-दीडशे पक्षी निवांत चरताहेत, असंही होतं. तिथल्या माणसांशी बोलल्याशिवाय हे कळत नाही.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग पूर्ण ओहोटीला जाऊ. तीही अर्धीच गोष्ट. पूर्ण ओहोटीला चिखल एवढा उघडा पडतो की पक्षी पांगतात, आणि पाण्याच्या कडेला कडेला करत लांब निघून जातात. ते कडेलाच का जातात हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं. ओल्या चिखलात किडे, गोगलगायी, शिंपल्या वरच्या थरात असतात. पाणी निघून गेलं, वरचा थर वाळायला लागला, की ते खाली सरकतात. म्हणून जेवणाची पंगत नेहमी पाण्याच्या रेषेशी. रेषा सरकली की पंगत सरकते.

एक दृश्य सांगतो. मार्चअखेरची सकाळ, पाणी उतरायला लागून तासभर झालेला, माझ्यापासून पंधरा-वीस पावलांवर एक गॉडविट. लांब सरळ चोच, टोकाला काळपट, बुडाशी गुलाबी. त्याने चोच डोळ्यांपर्यंत चिखलात घातली, डोकं थोडं वळवलं, जणू कुलपात किल्ली फिरवतोय. मग थांबला. मला वाटलं, आत काहीतरी अडकलं. पण या पक्ष्यांना सबंध चोच मिटलेली ठेवून नुसतं टोक उघडता येतं. चिखलात एवढी लांब चोच उघडायला जोर किती लागेल बघा, टोकच उघडलं तर चिमटा होतो. त्या टोकात स्पर्श कळणाऱ्या पेशीही दाटीने असतात, डोळ्याला न दिसणारं तिथे हाताला लागावं तसं लागतं. दोन सेकंदांनी लांब गुलाबी किडा बाहेर आला, तुटू न देता, हळूहळू ओढत. पाण्यात एकदा खळबळला आणि गिळला. शेजारी छोटे टिलवे, चिमणीएवढे, शिवणयंत्राच्या सुईसारखे टकटक वरचा थर टोचत होते. चिखल एकच, पण प्रत्येकाची चोच वेगळ्या खोलीला जाते, त्यामुळे फारशी भांडणं होत नाहीत.

हे एवढ्या जवळून दिसलं कारण वेळ बरोबर साधली होती. माझ्या मते दोन वेळा कामाच्या. एक, पूर्ण भरतीनंतर पाणी उतरायला लागल्यावरचे पहिले दोन-अडीच तास. पक्षी भुकेलेले असतात, आणि काठालगतचा चिखल आधी उघडा पडतो, म्हणजे ते तुमच्याकडे येतात. दोन, पाणी चढतानाचे शेवटचे दोन तास. चिखल आकसत जातो, पांगलेले पक्षी पाणीच गोळा करून तुमच्या समोर आणतं. दोन्हींत मला पहिली जास्त आवडते, दुसऱ्या वेळेला पक्षी अचानक उठून विश्रांतीच्या जागी जातात आणि आपण बघत राहतो.

आता तिथी. सकाळी करायचं असेल तर कोणत्याही पक्षातली दशमी किंवा एकादशी. दशमीची पाऊणपट साडेसात, गोव्यासाठी तासभर वजा, साडेसहा. उजाडता उजाडता पाणी भरलेलं, सात-साडेसातपासून उतरायला लागतं, नऊ-साडेनऊपर्यंत तुमचा वेळ. त्यानंतर एप्रिलमध्ये चिखलावरून उन्हाच्या झळा उठतात आणि दुर्बिणीतला पक्षी पाण्यात पडलेल्या पैशासारखा हलतो, पायांचा रंगसुद्धा कळत नाही. संध्याकाळी करायचं असेल तर तृतीया-चतुर्थी. दीड-दोनला भरती, तीन ते सहा उतरतं पाणी, ऊन कलतं. खानापूरहून तुम्हाला हे जास्त सोयीचं, सकाळी घरचं आवरून निघता येतं. अष्टमीच्या आसपास मी जात नाही. तेव्हा भांग असतो, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, पक्षी दिवसभर तुकड्यातुकड्यांत कुठेतरी चरत बसतात. आणि तिथीचा हिशेब हा अंदाजच. दिवसातल्या दोन भरत्यासुद्धा सारख्या उंचीच्या नसतात. निघण्याआधी मुरगाव बंदराचं भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर बघून घ्या. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी अशी कोष्टकं काढतो, ॲपवरही वेळा मिळतात.

एक इशारा, कारण मुलं बरोबर आहेत. नदीच्या तोंडाशी ओहोटीला वाळूचे पट्टे वर येतात, घटकाभराची बेटंच ती. मोरजीला शापोराच्या मुखाशी असा पट्टा आहे, त्यावर कुरव, सुरय आणि चिखल्यांचे थवे बसतात. एकदा मी त्यांच्या मागे मागे चालत टोकापर्यंत गेलो. समोरचा समुद्र शांत, पाणी लांब. वळून बघतो तर येताना घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओहोळ कमरेएवढा झालेला. माणसाचं लक्ष समुद्राकडे असतं, पण भरतीचं पाणी आधी सखल भागातून, म्हणजे बहुधा आपल्या पाठीमागून शिरतं. दुर्बीण डोक्यावर धरून बाहेर आलो, पाकीट आणि मोबाइल गेला. तेव्हापासून कुठल्याही पट्ट्यावर पाय ठेवायच्या आधी परतीच्या वाटेवर एक काठी रोवतो आणि तिच्यावर नजर ठेवतो. मुलांना घेऊन पट्ट्यावर जाऊच नका, काठावरून बघा.

हंगामाचं म्हणाल तर माझी पट्टी शिमगा ते अक्षय तृतीया. पक्षी येतात ऑगस्ट-सप्टेंबरपासून, पण तेव्हा आणि हिवाळाभर सगळे करडे-तपकिरी. एकसारखे दिसतात, नवशिक्याला रडू येतं. शिमग्यानंतर एकेकाचा रंग उघडायला लागतो. बाकदार चोचीचा कर्ल्यू सँडपायपर विटेसारखा लाल होतो, सोनचिखल्याचं पोट काळं पडत जातं. त्याच वेळी ते खाऊन खाऊन चरबी साठवत असतात. काही जातींत निघताना वजन दीडपट, कधी त्याहूनही जास्त होतं. कारण पुढचा पल्ला लांबचा, कुणाला मध्य आशिया, कुणाला सैबेरियाचा उत्तर टोकाचा टंड्रा. पट्टेरी शेपटीच्या गॉडविटचं उदाहरण नेहमी देतात: २०२२ मध्ये अलास्काहून निघालेलं एक पिल्लू ११ दिवसांत न थांबता १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला उतरलं. ते आपल्या वाटेवरचं नव्हे, आपल्याकडचे पक्षी मध्य आशियाई मार्गाने जातात. पण या दिवसांत थवा उगाच उडवला तर त्याचं काय खर्ची पडतं, हे त्यावरून समजतं. फोटोसाठी थव्यात धावणारी माणसं दिसली की माझं डोकं फिरतं. असो. अक्षय तृतीयेपर्यंत बहुतेक गेलेले असतात. थोडे, बहुधा पहिल्या वर्षाचे, पावसाळाभर इथेच राहतात, म्हणून जूनमध्ये एखादा दिसला तर दचकू नका.

आता दुसरा प्रश्न, आपल्या भागाचा. मला खरं तर याच्यावरच लिहायचं होतं.

तुम्ही ज्या मांडवीच्या चिखलाजवळ गेलात ती वर म्हादई, आणि म्हादई तुमच्याच खानापूर तालुक्यातली. त्याच तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि उलटी, पूर्वेला, तुमच्या गावावरून सौंदत्तीकडे जाते. एकीला गोव्यात दिवसातून दोनदा भरती मिळते. दुसरीला सौंदत्तीजवळ नविलतीर्थाच्या धरणात वर्षातून एकदा. पावसाळ्यात धरण भरतं ती भरती, आणि दिवाळीपासून मेपर्यंत उतरत जातं ती ओहोटी. घटप्रभेवरच्या हिडकलचंही तेच. हिडकलची साठवण ५१ टीएमसीच्या घरात, नविलतीर्थाची ३७. एवढं पाणी सहा-सात महिन्यांत उतरतं तेव्हा किती मैल काठ उघडा पडत असेल! पाण्यात बुडालेल्या टेकड्यांचे माथे एकेक करून वर येतात. फेब्रुवारीत जिथे नुसतं पाणी होतं तिथे एप्रिलमध्ये बेट, मेमध्ये ते बेट काठाला चिकटलेलं. आपल्याकडची ही ओहोटीची बेटं.

किनाऱ्यावरचा नियम इथेही लागू: पंगत पाण्याच्या रेषेशी. फरक एवढाच की इथे रेषा तासातासाने नाही, दिवसादिवसाने सरकते. काल-परवा उघडा पडलेला, चकचकीत, बोट टेकवलं तर ठसा उमटेल असा पट्टा असतो, कुठे पाच पावलं रुंद तर कुठे पन्नास. पक्षी त्यावर. त्याच्या वरचा चिखल भेगाळलेला, तिथे टिटव्या आणि धोबी सोडून कुणी नाही. म्हणून उतार जितका मंद तितका पट्टा रुंद. हिडकलच्या मागच्या पाण्याला खडकाळ, उभ्या काठांवर वेळ घालवू नका. गाळाची सपाट बोळकंडी शोधा, जिथे शेतकरी गाळपेर करतात. भुईमूग, काकडी, कलिंगडाचे वेल पाण्याकडे उतरत गेलेले दिसले की त्यांच्या खालच्या टोकाला तुमची जागा.

आणि इथलं भरतीचं वेळापत्रक म्हणजे कालव्याची पाळी. पाळी सुटली की धरण भराभर उतरतं, रोज नवा चिखल उघडा पडतो, पक्ष्यांची चंगळ. पाळी बंद झाली की रेषा जागच्या जागी थांबते, पट्टा उन्हाने वाळतो आणि आठवड्यात पक्षी दुसरीकडे जातात. गोकाकजवळच्या धुपदाळला बहुतेकदा उलटं दिसतं. तिथल्या बंधाऱ्यातून कालवा निघतो, पाळी चालू असताना पाणी तुडुंब, चिखल बुडालेला. पाळी थांबून पाणी खाली गेलं की तिथला काठ उघडा पडतो. म्हणून मी निघण्याआधी पक्षीमित्रांना फोन करत नाही, हिडकलच्या काठावर गाळपेर करणाऱ्या ओळखीच्या शेतकऱ्याला करतो. पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते हसले होते. "पाखरांचं मला काय म्हाईत न्हाई ओ, पन पानी काल हात-दीड हात उतरलंय बगा." मला तेवढंच हवं होतं.

धुपदाळच्या त्याच पाण्याभोवती १९७४ पासून घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात करकोचे बघायला लोक तिथे जातात, मार्चनंतर कुणी फिरकत नाही, आणि तेव्हाच चिखलवाले चांगले दिसतात.

कोणते दिसतील? आपल्या आतल्या पाण्यावर शेकाट्या सगळीकडे, लांब लाल पायांचा, मुलांना पहिल्या दिवशी ओळखता येईल असा. सतत शेपूट खालीवर करणारा एकटा-दुकटा तुतवार. अंगावर पांढुरके ठिपके असलेले वूड सँडपायपर थव्याने, हे भाताच्या ओल्या शेतातही येतात. बेळगावला बळ्ळारी नाल्याच्या काठच्या शेतांत पाणी साचलेलं असेल तर शहापूर-येळ्ळूरच्या रस्त्यावरून दुचाकीवर बसल्या बसल्या दिसतील. शिवाय ग्रीनशँक, छोटे टिलवे, रफ, नशीब असेल तर काळ्या शेपटीच्या गॉडविटचा थवा. व्हिम्ब्रेल, सँडर्लिंग, टर्नस्टोन हे मात्र समुद्राचे, त्यांच्यासाठी घाट उतरायलाच हवा. नावं मी अशी अर्धी मराठी अर्धी इंग्रजी लिहितोय, क्षमा करा. मराठी नावांत एकाच पक्ष्याला तीन पुस्तकांत तीन नावं, आणि काठावर उभं राहून आम्ही सगळे हेच बोलतो.

काही काळज्या. ताज्या चिखलात उतरू नका. वरून वाळलेला दिसतो, खाली दही असतं. हिडकलला एकदा मी मांडीपर्यंत रुतलो, बाहेर यायला अर्धा तास लागला. एका धनगराने काठी पुढे केली, मी निघालो, माझी उजवी चप्पल अजून तिथेच आहे. दुसरं, मार्च ते मे हाच आपल्या मुक्कामी पक्ष्यांच्या विणीचा काळ. टिटवी, कंठेरी चिखल्या, छोटी पाणभिंगरी, नदीसुरय हे उघड्या वाळूवर, खड्यांत अंडी घालतात, घरटं असं नसतंच. अंड्यांचा रंग खड्यांसारखा, पायाखाली आलेलं कळत नाही. एखादा पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागला, किंवा पंख मोडल्यासारखा लंगडत पुढे पळायला लागला, की आल्या पावली मागे फिरा. वर आलेल्या बेटांवर तर जाऊच नका, ती त्यांची बाळंतिणीची खोली. कोरड्या तळात जीप घालून चक्कर मारायची हौस हल्ली वाढली आहे, तिने किती अंडी चिरडतात देव जाणे. तिसरं, धरणाच्या भिंतीवर कॅमेरा काढू नका, आणि राकसकोपसारख्या पिण्याच्या पाण्याच्या जलाशयावर परवानगीशिवाय शिरू नका.

दुर्बीण तुमच्याकडे कोणती आहे ते लिहिलं नाहीत. आठ किंवा दहापट असेल तर हिडकल-धुपदाळला पुरते. चोडणला काठावरून बघायचं तर स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवरची एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, लागतो खरा, पण लगेच विकत घेऊ नका, आधी दोन हंगाम कुणाच्या तरी स्कोपमधून बघा.

एखादी मोठी सहल करायची झाली तर कारवारच्याही पुढे कुमठ्याजवळ अघनाशिनीची खाडी. त्या नदीवर धरण नाही, त्यामुळे गाळ आणि गोडं पाणी खाडीपर्यंत आपल्या लयीत पोचतं. ओहोटीला शेकडो माणसं शिंपल्या वेचायला चिखलात उतरतात, आणि त्यांच्या आजूबाजूलाच पक्षी चरत असतात. वाकून काम करणाऱ्या माणसाला ते फार भीत नाहीत, उभ्याने रोखून बघणाऱ्याला भितात. जानेवारी २०२४ मध्ये या खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला, त्याच वेळी गदग जिल्ह्यातल्या मागडी तलावालाही. मागडीला हिवाळ्यात पट्टकादंब येतात, पण ती गोष्ट वेगळी, तो चिखलाचा पक्षी नव्हे.

तुमच्यासाठी माझा सल्ला: यंदा आधी हिडकल किंवा नविलतीर्थ करा, मुलांना शेकाट्या, तुतवार आणि टिलवा हे तीन नीट ओळखता येऊ द्यात, आणि मग चैत्राच्या वद्य पक्षातली दशमी-एकादशी गाठून रायबंदर. आदल्या रात्री मुक्कामाला गोव्यात जा. खानापूरहून पहाटे निघून घाटात ट्रकमागे अडकलात तर पाणी तुमच्यासाठी थांबणार नाही.

राहिला तुमचा तो बांधावरचा एकटा. छातीवर विटकरी पट्टा, छोटा, आखूड चोचीचा, भरतीच्या वेळी बांधावर. तो बहुधा सँड प्लोव्हर, आपल्या चिखल्यांपैकीच. त्यातला लहान असेल तर तिबेटच्या पठाराकडे जाणारा, आणि तो पट्टा त्याला नुकताच चढायला लागलेला. हिवाळ्यात तिथे नुसता करडा डाग असतो. होडीवाला सीझन संपला म्हणत होता तेव्हा या पठ्ठ्याची निघायची तयारी चालू होती. लहान की मोठा हे चोचीच्या लांबीवरून आणि पायांवरून ठरतं: मोठ्याची चोच दांडगी आणि पाय लांब, हिरवट-पिवळट, लहानाचे पाय जास्त काळपट. फोटो काढला असेल तर पायांकडे एकदा मोठं करून बघा आणि रंग काय दिसतो ते कळवा.